खानदेशांतील सत्तांतराचे कागद : इ. स. १८१८ ते १९५०

१. राज्य कोणाचें, या प्रश्नाचा निकाल तरवारीनें होतो असें सामान्यतः म्हणतात. परंतु तो निकाल टिकविण्याकरितां प्रत्येक सत्ताधाऱ्यास शेवटीं कागद करावा लागतो. मोंगलांनीं फर्मानें काढलीं, छत्रपतींनीं व पेशव्यांनीं सनदा दिल्या, इंग्रजांनीं प्रथम तह व जाहीरनामे केले व मागाहून कायदे केले, आणि स्वतंत्र भारतानें संविधान लिहिलें. कागदाचा प्रकार बदलत गेला तसतशी सत्तेच्या मूळ धन्याविषयींची समजूतही बदलत गेली. जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक तीन गोष्टी प्रथम पाहतो : लिहिणारा कोण, ज्यास लिहिलें तो कोण, आणि मुद्रा कोणाची. याच तीन प्रश्नांच्या साह्यानें खानदेशांतील सुमारें एकशें बत्तीस वर्षांचें सत्तांतर तपासावें असा या लेखाचा उद्देश आहे.

या सत्तांतराविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें असें कीं, भारताचें स्वातंत्र्य हें ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून दिलेलें दान होय. कारण १८ जुलै १९४७ रोजीं राजसंमति मिळालेला कायदा नसता तर १५ ऑगस्टचा दिवस उगवला नसता. दुसरें असें कीं, तें सर्वस्वीं मुंबई, पुणें, कलकत्ता अशा मोठ्या शहरांतील पुढाऱ्यांचें कार्य होय. खानदेशासारख्या आडबाजूच्या प्रांतानें केवळ मागून चालावें. आमच्या मतें हीं दोन्ही मतें कागदांच्या कसोटीस पुरीं उतरत नाहींत. तीं कां उतरत नाहींत तें पुढें क्रमानें मांडतों.

२. प्रारंभ इ. स. १८१८ पासून केला पाहिजे. महिदपूरच्या लढाईंत (२१ डिसेंबर १८१७) होळकरांचा पराभव झाल्यावर ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोर येथें तह झाला. त्यान्वयें सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा सर्व मुलूख कंपनी सरकारास मिळाला व त्यांतच खानदेशांतील त्यांचे महाल गेले. पुढें ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं एल्फिन्स्टन साहेबांनीं साताऱ्याहून आपला प्रसिद्ध जाहीरनामा काढला. बाजीरावाचें राज्य कां घेतलें हें त्यांत सांगून वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानें चालविण्याचें अभिवचन दिलें होतें. मात्र बाजीरावाच्या चाकरींत असणारांनीं दोन महिन्यांच्या आंत ती सोडावी अशी अट होती. शिंद्यांच्या ताब्यांतील यावल, पाचोरें इत्यादि महाल कंपनीकडे यावयास पुढें बरींच वर्षें लागलीं. म्हणजे खानदेश हा एका दिवसांत, एका कागदानें इंग्रजी झालेला नाहीं, तुकड्यातुकड्यांनीं झाला आहे.

आतां तीन प्रश्न विचारूं. मंदसोरचा तह करणारे दोन पक्ष : एक कंपनी, दुसरे अल्पवयी मल्हारराव होळकर. ज्या रयतेचें राज्य बदललें ती या कागदांत कोठेंच नाहीं. जाहीरनाम्यांत रयत आहे, पण ती ऐकणारी म्हणून. बोलणारा एकटा सरकार. अशा कागदाचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो तें तापीकांठच्या थाळनेर किल्ल्यानें दाखविलें. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं सर टॉमस हिस्लॉप सैन्यासह थाळनेरास आला. किल्ला तहानें आधींच आपला झाला आहे, अशी त्याची भूमिका. किल्ल्यावरून गोळीबार झाला, लढाई झाली, शिबंदी कापली गेली, आणि किल्लेदार तुळशीराम यास बंडखोर ठरवून फांशीं देण्यांत आलें. सात आठवड्यांपूर्वीं जी गोष्ट स्वामिनिष्ठा म्हटली गेली असती, तीच मंदसोरच्या कागदावर सही पडल्यामुळें बंड ठरली. हिस्लॉपच्या या कृत्याची चर्चा पुढें खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटांतही झाली. तुळशीरामानें कोणाशीं बेइमानी केली, हा प्रश्न विचारला म्हणजे जित प्रजेच्या दृष्टीनें तहाचा कागद काय असतो तें समजतें.

पुढील व्यवस्था कॅप्टन जॉन ब्रिग्ज याजकडे आली. त्यानें धुळें हें ठाणें केलें. फेरिस्त्याच्या तवारिखेचें इंग्रजी भाषांतर करणारा म्हणून हाच ब्रिग्ज वाचकांस परिचित आहे. मालेगांवच्या अरबांचा मोड १८१८ च्या जून महिन्यांत झाला. सातपुडा व सातमाळा येथील भिल्लांचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. १८२५ सालीं भिल्ल एजन्सी स्थापन होऊन औट्रम याने धरणगांवीं भिल्ल पलटण उभारली.

३. या राज्यास रयतेनें काय उत्तर दिलें? येथें संशोधकास एक मोठी अडचण येते. १८५२ सालीं सावदें, फैजपूर, रावेर, यावल या भागांत जमिनीच्या पैमाशीविरुद्ध मोठी चळवळ झाली. मोजणीनंतर सारा वाढेल या भीतीनें हजारों शेतकरी एकत्र जमले. सरकारास लष्कर आणावें लागलें व पुढाऱ्यांस पकडावें लागलें. १८५७ सालीं खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखालीं सातपुड्यांतील भिल्ल उठले, सेंधव्याच्या घाटांत सरकारी खजिना लुटला गेला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणी येथें मोठी लढाई झाली. या सर्व हकीकती आपणांस मुख्यत्वें कोणाच्या लेखणींतून समजतात? कलेक्टराच्या, कप्तानाच्या व गॅझेटियरकर्त्याच्या. भिल्लांच्या बाजूचा कागद नाहीं. शेतकऱ्यांच्या बाजूचे जे अर्ज असतील ते सरकारी दप्तरांत पडले. अशा प्रसंगीं प्रतिपक्षाचा कागद उलटा धरून वाचावा लागतो. अधिकारी 'जमाव' म्हणतो तेथें गांवोगांवचे पाटील कसे एकवटले, आणि 'अडाणीपणाची भीति' म्हणतो तेथें हिशेबाची कोणती समज होती, हें पाहावें लागतें. पैमाशीनें सारा ठरणार व तो ठरविण्यांत आपलें मत कोणी विचारणार नाहीं, ही १८५२ च्या शेतकऱ्यांची तक्रार होती. कर ठरविणाऱ्याच्या सभेंत कर देणाराचा माणूस असावा, या तत्त्वाचेंच तें ओबडधोबड रूप होय. त्या वेळीं त्यास शब्द मिळाला नव्हता इतकेंच.

हें तत्त्व सातासमुद्रांपलीकडे ज्या लोकांनीं प्रथम मोठ्यानें मांडलें, त्यांचें उदाहरण येथें उपयोगी आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरा इंग्रजी वसाहतींनीं ४ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, १७८३ पर्यंत युद्ध करून तो खरा केला, १७८१ पासून एका सैल संघानें कारभार चालवून पाहिला, आणि तो चालेना तेव्हां १७८७ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथें परिषद भरवून नवें संविधान लिहिलें. परिषदेस आलेल्या ५५ प्रतिनिधींपैकीं ३९ जणांनीं त्यावर सह्या केल्या; राज्यांनीं तें मान्य करून १७८९ सालीं अमलांत आणलें. राजाच्या सनदेवर वसलेल्या वसाहतींनीं स्वतःच स्वतःस सनद लिहून दिली, हें त्या घटनेचें मर्म. तथापि त्या संविधानाखालीं गुलामगिरी चालूच राहिली. ती १८६५ सालीं नष्ट झाली. जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' ग्रंथ (१८७३) अमेरिकेंतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला, तो याच कारणानें. संविधान लिहिलें म्हणजे त्याच्या छत्राखालीं सर्व जण त्याच क्षणीं आले असें होत नाहीं. हा मुद्दा पुढें खानदेशाच्या संबंधांतही येणार आहे.

४. १८५८ च्या नोव्हेंबरांत राणीचा जाहीरनामा निघून कंपनीचें राज्य संपलें व पार्लमेंटाच्या कायद्यांचें युग सुरू झालें. नगरपालिका व लोकल बोर्डें यांच्या रूपानें थोडासा स्थानिक कारभार आला. १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले : पूर्व खानदेश, ठाणें जळगांव, व पश्चिम खानदेश, ठाणें धुळें. १९०९, १९१९ व १९३५ या तीन कायद्यांनीं प्रांतिक कौन्सिलांत निवडून आलेले सभासद वाढत गेले. परंतु मताचा हक्क मालमत्ता, सारा व शिक्षण यांवर बांधलेला होता. सर्वांत उदार अशा १९३५ च्या कायद्यानेंही ब्रिटिश हिंदुस्थानांतील शेंकडा सुमारें चौदा लोकांसच मत मिळालें. आपल्या तीन प्रश्नांच्या दृष्टीनें पाहतां या कायद्यांनीं ज्यास लिहिलें त्याची संख्या वाढविली. लिहिणारा व मुद्रा मात्र लंडनचीच राहिली. 'वसाहतीचें स्वराज्य' ही त्या काळीं नेमस्तांची मागणी होती. वसाहतीचें स्वराज्य म्हणजे कानडा, ऑस्ट्रेलिया यांच्यासारखा दर्जा; तो दर्जाही पार्लमेंटानेंच द्यावयाचा. १९२९ च्या डिसेंबरांत लाहोरास राष्ट्रसभेनें ही मागणी सोडून पूर्ण स्वराज्याची मागणी केली, आणि २६ जानेवारी १९३० रोजीं देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यांत आली.

तुरुंगही या काळांत एक प्रकारचें विद्यापीठ झाला. १९३२ सालीं धुळ्याच्या कारागृहांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं व साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांतील या शिक्षकानें तेथें जें लेखन केलें तें पुढें पुस्तकरूपानें देशाच्या अनेक भाषांत गेलें. ग्रंथसंग्राहकांनीं लक्षांत ठेवावें कीं, खानदेशांतील अर्वाचीन हस्तलिखितांचा एक महत्त्वाचा उगम सरकारी तुरुंगांत आहे.

५. आतां आमच्या विषयाचा मध्यबिंदु येतो. १९३६ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस पूर्व खानदेशांतील यावल तालुक्यांतील फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. नगरास टिळकनगर असें नांव दिलें होतें. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं व्यवस्था पाहिली. साने गुरुजी गांवोगांव फिरून लोकांस जागे करीत होते. पंडितजींची मिरवणूक बैलांच्या रथांतून निघाली. नगराच्या शोभेचें काम गांधीजींनीं शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांजकडे सोंपविलें होतें. त्यांनीं बांबू, चटया असें जें गांवांत मिळतें त्यापासूनच तोरणें व मंडप उभे केले.

परंतु शोभेपेक्षां ठराव अधिक महत्त्वाचा. फैजपुरास राष्ट्रसभेनें १९३५ चा कायदा पुन्हां नाकारला आणि असें सांगितलें कीं, या देशाची घटना प्रौढ मताधिकारानें निवडलेल्या घटनासमितीनेंच करावी, व तिचा निर्णय अखेरचा असावा. घटनासमितीची मागणी फैजपुरापूर्वींही झालेली होती; १९३४ पासून राष्ट्रसभेच्या ठरावांत ती दिसते. फैजपूरचें वैशिष्ट्य असें कीं, ती मागणी येथें शेतीच्या कार्यक्रमाच्या जोडीनें आली. त्याच अधिवेशनांत सारा व खंड कमी करणें, कर्जाचा भार हलका करणें, न परवडणाऱ्या लहान धारणांस सूट देणें अशा बाबींचा कार्यक्रम मान्य झाला. ८४ वर्षांपूर्वीं ज्या परिसरांत सारा ठरविण्यांत आपल्यास विचारलें जात नाहीं म्हणून शेतकरी जमले होते, त्याच परिसरांत आतां सारा व घटना या दोन्हींचा विचार एका मंडपांत झाला. १८५२ च्या जमावास नसलेला शब्द १९३६ सालीं मिळाला, असें आम्ही म्हणतों तें या अर्थानें. फैजपूरच्या ठरावांत लिहिणारा बदलला : लंडनच्या पार्लमेंटाच्या जागीं लोकांनीं निवडलेली सभा. मुद्रा मात्र अद्याप उमटावयाची होती.

पुढील दहा वर्षांच्या हकीकती वाचकांस परिचित असल्यामुळें त्या थोडक्यांत सांगतों. १९३७ सालीं निवडणुका होऊन मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें. त्याच वर्षींच्या जुलैअखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका दाव्याच्या कामीं धुळ्यास आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यांत उतरले. पुढें संविधानाच्या मसुद्याची धुरा त्यांच्याच खांद्यावर यावयाची होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारास गोळीबार होऊन शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार बालसोबती धारातीर्थीं पडले. १४ एप्रिल १९४४ रोजीं चिमठाणें येथें भूमिगतांनीं सरकारी खजिना लुटला. सेंधव्याच्या घाटांतील खजिन्याची आठवण येथें सहज होते. परंतु १८५७ चा खजिना लुटणारांचे स्वतःचे कागद नाहींत, १९४४ च्या कार्यकर्त्यांच्या मात्र आठवणी, पत्रकें व मुलाखती उपलब्ध आहेत. सत्याग्रही व भूमिगत या दोघांनींही आपला इतिहास आपण लिहिला, हा काळाचा मोठा फरक होय.

६. घटनासमितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजीं दिल्लीस झाली. फैजपूरच्या मागणीप्रमाणें ती प्रौढ मताधिकारानें निवडलेली नव्हती. १९४६ सालीं मर्यादित मताधिकारानें निवडून आलेल्या प्रांतिक विधानसभांनीं तिचे सभासद निवडले. हें न्यून मान्य केलेंच पाहिजे. या समितींत मुंबई प्रांतातर्फे खानदेशचे हरि विनायक पाटसकर होते. ते चाळीसगांवास वकिली करीत; समितीच्या चर्चांत त्यांनीं अनेक वेळां भाग घेतला. पुढें १९५२ सालीं ते जळगांवांतून लोकसभेवर निवडून आले, केंद्रांत कायदा खात्याचे मंत्री झाले व १९५५ चा हिंदु विवाह कायदा संमत होण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. चाळीसगांवच्या न्यायालयांतला वकील देशाच्या घटनेच्या कलमांवर उपसूचना मांडतो, ही गोष्ट १८१८ च्या जाहीरनाम्याशीं ताडून पाहावी.

१५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत भारताचा दर्जा कायद्यानें वसाहतीच्या स्वराज्याचाच होता. गव्हर्नर जनरल होता व तो राजाच्या नांवानें होता. या मधल्या काळांत पांचशेंहून अधिक संस्थानें संघांत आलीं आणि मसुदा तयार झाला. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजीं नेमली गेली; ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मसुदा सभेपुढें ठेविला. ७,६३५ उपसूचना आल्या. त्यांपैकीं २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या जाऊन त्यांचा विचार झाला. अमेरिकेशीं तुलना करतां एक भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. तेथें तेरा वसाहती आधीं स्वतंत्र राज्यें झाल्या व मग करारानें एकत्र आल्या. येथें प्रांतांनीं आपसांत करार केला नाहीं. म्हणून कोणत्याही घटक राज्यास संघांतून फुटून निघण्याचा हक्क नाहीं, असें डॉ. आंबेडकरांनीं मसुदा मांडतांनाच स्पष्ट केलें.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजीं संविधान स्वीकृत झालें. इतिहाससंशोधकांस आवडेल अशी गोष्ट ही कीं, हिंदी उद्देशिकेंत इसवी तारखेबरोबर मिति मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, विक्रम संवत् २००६ अशीही नोंद आहे. शालिवाहन शकाप्रमाणें तें वर्ष १८७१ होतें. आतां तीन प्रश्न शेवटचे विचारूं. लिहिणारे कोण? उद्देशिकेप्रमाणें भारताचे लोक. कोणास लिहिलें? स्वतःस, संविधान अर्पण करणारे व तें घेणारे एकच आहेत. मुद्रा कोणाची? त्यास राजाची संमति मागितली गेली नाहीं. सभेच्या अध्यक्षांची सही पुरेशी झाली. आणि ज्या कायद्यास स्वातंत्र्याचें दानपत्र म्हणतात, त्याचें काय झालें? संविधानाच्या शेवटच्या, ३९५ व्या कलमानें १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा व १९३५ चा कायदा हे दोन्ही रद्द केले. दान घेणारा दानपत्र फाडून टाकीत नाहीं. पार्लमेंटाच्या कायद्यानें वाट मोकळी केली हें खरें; परंतु प्रजासत्ताकानें आपला आधार त्या कायद्यावर ठेविला नाहीं, तो कायदाच आपल्या शेवटच्या ओळींत मोडीत काढला. आरंभीं सांगितलेल्या पहिल्या मताचें उत्तर हें आहे.

दुसऱ्या मताचें उत्तर मूळ प्रतीच्या पानांत आहे. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत छापलेली नाहीं, हातानें लिहिलेली आहे. तिचें सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं केलें. हिंदी प्रतीचें सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांनीं केलें. २४ जानेवारी १९५० रोजीं २८४ सभासदांनीं सह्या केल्या. पानांवरील चित्रें व वेलपत्ती नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यवर्गानें काढली. उद्देशिकेचें पान जबलपूरचे ब्यौहार राममनोहर सिंह यांनीं सजविलें. निवडणुकांसंबंधींच्या पंधराव्या भागाच्या आरंभीं श्रीशिवछत्रपति व गुरु गोविंदसिंह यांचीं चित्रें आहेत. ज्या हातानें १९३६ सालीं फैजपुरास बांबूचीं तोरणें उभारलीं, त्याच हाताच्या देखरेखीखालीं तेरा वर्षांनीं संविधानाचीं पानें रंगलीं. मागणी खेड्यांत, मसुदा राजधानींत, आणि दोन्हीकडे चित्रकार एकच : हा केवळ योगायोग म्हणून सोडून देतां येईल; परंतु राष्ट्रसभेनें खेड्यास जें स्थान देण्याचें ठरविलें होतें, त्याची खूण या पानांवर राहिली आहे असें आम्हांस वाटतें.

७. येथें शब्दांविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. 'घटना' हा शब्द 'घट्' धातूपासून आला. जुळविणें, सांधणें हा त्याचा अर्थ. 'संविधान' म्हणजे नीट मांडणी, व्यवस्था; मराठींत नाटकाच्या कथानकास 'संविधानक' म्हणतात तें यावरूनच. 'गण' व 'संघ' हे शब्द पाणिनीस ठाऊक आहेत. कौटिल्यानें संघांवर एक स्वतंत्र अधिकरणच लिहिलें आहे. परंतु यावरून आजचें गणराज्य हें प्राचीन गणांचें पुनरुज्जीवन आहे असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. प्राचीन गणांत सत्ता प्रायः कांहीं क्षत्रिय कुलांकडे असे. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत ही कल्पना तेथें नव्हती. मराठींत रूढ झालेला 'प्रजासत्ताक' हा शब्द आम्हांस अधिक बोलका वाटतो. प्रजा म्हणजे जिच्यावर राज्य केलें जातें ती. जाहीरनाम्यांत व सनदांत केवळ ऐकणारी म्हणून आलेली प्रजा या शब्दांत सत्तेची मालकीण झाली आहे. आणि तरीही आपलें जुनें नांव तिनें टाकलेलें नाहीं.

८. परंतु सर्व प्रजा त्याच दिवशीं मालक झाली काय? आमच्याच प्रांतांतील एक कागदांची साखळी याचें उत्तर देते. पश्चिम खानदेशाच्या वायव्य कोपऱ्यांत, नर्मदा व तापी यांच्या मधल्या डोंगरांत सहा मेहवासी जहागिरी होत्या. १८७४ च्या अनुसूचित जिल्ह्यांच्या कायद्याच्या परिशिष्टांत त्यांच्या धन्यांचीं नांवें क्रमानें दिलीं आहेत : काठी, नाल व सिंगपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावा, व नवलपूरचे पाडवी. या मुलुखास सामान्य कायदे लागू करावयाचे नाहींत, सरकारास योग्य वाटतील तेवढेच लावावयाचे, असा त्या कायद्याचा भाव. १९३५ च्या कायद्याखालीं १९३६ सालीं निघालेल्या आदेशांत 'अंशतः वगळलेल्या' क्षेत्रांची यादी आहे. तींत हींच सहा नांवें त्याच क्रमानें आहेत. हें त्याच वर्षीं, ज्या वर्षीं फैजपुरास सर्वांच्या मताची मागणी झाली. आणि १९५० सालीं, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षीं, संविधानाच्या पांचव्या अनुसूचीखालीं राष्ट्रपतींनीं काढलेल्या आदेशांतही 'खालील मेहवासी धन्यांचीं गांवें' म्हणून तींच सहा नांवें येतात. इंग्रज कारकुनानें 'पाडवी' या शब्दाचें जें 'परवी' असें रूप १८७४ सालीं केलें, तें देखील तसेंच उतरलें आहे. हस्तलिखितांच्या परंपरेंत एका प्रतीवरून दुसरी प्रत करतांना पहिलीचा अपपाठ दुसरींत येतो व त्यावरून दोहोंचें नातें ओळखतां येतें, हें वाचक जाणतातच. येथें राणीच्या, सम्राटाच्या व प्रजासत्ताकाच्या तीन कागदांचें नातें एका अपपाठावरून सिद्ध होतें.

याचा अर्थ प्रजासत्ताक खोटें होतें असा कोणी करूं नये. पांचव्या अनुसूचीचा हेतु १८७४ च्या कायद्याहून वेगळा होता. आदिवासींच्या जमिनीचें रक्षण हें तिचें एक मुख्य काम ठरलें. १९५१-५२ च्या निवडणुकींत या डोंगरांतील भिल्लांस जळगांवच्या वकिलाइतकेंच एक मत होतें, आणि ही गोष्ट यापूर्वींच्या कोणत्याही राज्यांत झालेली नव्हती. तथापि जमिनीचा धनी मात्र पूर्वींचाच राहिला. मेहवासी जहागिरींतील मालकी हक्क १९६१ च्या विनियमानें नष्ट झाले, व तो विनियम पांचव्या अनुसूचीनें दिलेल्या अधिकारांतूनच आला. पुढें १९८५ च्या नव्या आदेशांत नवापूर, तळोदें, अक्कलकुवा, अक्राणी अशा तालुक्यांच्या नांवांनीं क्षेत्रें सांगितलीं गेलीं, आणि सहा धन्यांचीं नांवें यादींतून गेलीं. म्हणजे कागदावर पाहतां १८७४ ची यादी एकशें अकरा वर्षें जगली. त्यांतील पस्तीस वर्षें प्रजासत्ताकाचीं होतीं. सत्तांतर हें एका मध्यरात्रीं होत नसतें, कलमाकलमानें व गांवागांवानें होत असतें, हें खानदेशाइतकें स्पष्ट फार थोड्या प्रांतांत दिसत असेल.

९. १९६० सालीं पूर्व व पश्चिम खानदेश हीं जिल्ह्यांचीं नांवें जाऊन जळगांव व धुळें हीं नांवें आलीं. १ जुलै १९९८ पासून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. नांवें बदललीं म्हणजे दप्तरेंही हलतात, आणि दप्तर हललें कीं त्यांतील कांहीं कागद वाटेंतच राहतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास देह ठेविला तेव्हां जमविलेल्या कागदांचा मोठा भारा मागें ठेविला, व पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवें धुळ्यास संशोधन मंडळ उभें राहिलें. त्या परंपरेंत सतराव्या व अठराव्या शतकाचे कागद मोलाचे मानले गेले व तें योग्यच झालें. परंतु विसाव्या शतकाचे कागदही आतां जुने झाले आहेत. १९३६ च्या अधिवेशनाच्या पावत्या, स्वयंसेवकांच्या नांवनिशा, गांवोगांवचीं वर्गणीपत्रकें. १९४२ चीं चक्रांकित पत्रकें. तुरुंगांतून आलेलीं पत्रें. १९५१-५२ च्या पहिल्या मतदारयाद्या. मेहवासी घराण्यांकडील हिशेबाच्या वह्या व हक्कनाम्यांच्या नकला : यांपैकीं पुष्कळ कागद अद्याप घरोघर माळ्यांवर व फडताळांत पडले असतील. अमुक बखरीच्या तिसऱ्या प्रतीपेक्षां यांची किंमत कमी आहे असें समजण्याचें कारण नाहीं. १८५२ च्या शेतकऱ्यांचा व आंबापाणीच्या भिल्लांचा स्वतःचा कागद आपणांस मिळाला नाहीं. त्यांच्या नातवा-पणतवांचे तरी गमावूं नयेत. ज्यांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं मूळ आपल्याजवळ ठेवून नक्कल किंवा छायाचित्र संशोधन संस्थांकडे पोंचवावें. नक्कल करतांना मूळांतील शब्द, चुकांसह, जसाच्या तसा ठेवावा. 'परवी' हा अपपाठ कोणी सुधारून 'पाडवी' असा लिहिला असता तर वरील साखळी जुळली नसती.